हे कोणी ठरवायचं? इलेक्ट्रिकल इंजिनिअर ते फेडरल सर्किटच्या मुख्य न्यायाधीश: किंबर्ली मूर यांचं प्रकरण

ट्रकच्या पोटाखालून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट पोकळ असतो. इंजिनाची ताकद चाकांकडे नेताना तो थरथरतो आणि ती थरथर आवाज होऊन केबिनमध्ये पोचते. शाफ्टच्या पोकळीत पुठ्ठ्यासारख्या वस्तूची नळी बसवली की आवाज कमी होतो, हे गाड्या बनवणाऱ्यांना फार आधीपासून माहीत होतं. डेट्रॉइटच्या 'अमेरिकन अ‍ॅक्सल' कंपनीचं म्हणणं त्यापुढचं होतं. नळीचं वजन आणि ताठरपणा नेमका जुळवला, तर एकच नळी दोन जातींचं कंपन मारते: शाफ्ट मधोमध वाकतो ते, आणि शाफ्टची भिंत आत-बाहेर दबते-फुगते ते. या पद्धतीवर तिने पेटंट घेतलं आणि 'नीॲप्को' या प्रतिस्पर्धी कंपनीला कोर्टात खेचलं.

नीॲप्कोचा बचाव असा: स्प्रिंगवर जेवढा जोर तेवढा तिचा ताण, हा हुकचा नियम शाळेत शिकवतात. वजन आणि ताठरपणा बदलून कंपनाची वारंवारता बदलणं म्हणजे तोच नियम वापरणं. निसर्गनियमाचं पेटंट मिळत नाही, सबब हे पेटंट रद्द.

हे भांडण वॉशिंग्टनच्या 'कोर्ट ऑफ अपील्स फॉर द फेडरल सर्किट'पुढे गेलं. जुलै २०२० मध्ये, सगळ्या न्यायाधीशांनी मिळून ते पुन्हा ऐकावं का, यावर त्या बाराजणांत सहा-सहा अशी फूट पडली. बाराजणांत तीन इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. किंबर्ली मूर आणि कारा स्टोल एका बाजूला, रेमंड चेन दुसऱ्या.

'न्यायाधीश इंजिनिअर असते तर तांत्रिक खटल्यांत असा घोळ झाला नसता' हे वाक्य आपल्याकडेही वारंवार ऐकू येतं. या फुटीपुढे ते टिकत नाही. पदवी तीच, फाइल तीच, नियमही तोच, आणि मतं विरुद्ध. इंजिनिअरिंगने न्यायाधीशाला नक्की काय मिळतं, हे तपासायला मूर यांच्याइतका चांगला नमुना नाही, कारण त्यांच्या प्रवासाचे सगळे टप्पे जाहीर नोंदीत आहेत आणि त्यांत एक धागा ठळक दिसतो. विज्ञान जास्त येतं म्हणून त्या वेगळ्या ठरत नाहीत. 'ही गोष्ट खरी आहे की नाही हे ठरवायचं कोणी, आणि कशावरून' हा प्रश्न त्या सोडत नाहीत, म्हणून ठरतात.

मूर यांचा जन्म १९६८ चा, मेरीलँडमधल्या बाल्टिमोरचा. एमआयटीतून १९९० मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, १९९१ मध्ये मास्टर्स. १९८८ ते १९९२ या काळात अमेरिकी नौदलाच्या नेव्हल सरफेस वॉरफेअर सेंटरमध्ये इंजिनिअर म्हणून काम. मग जॉर्जटाउनमधून १९९४ साली कायद्याची पदवी. इंजिनिअर असून वकिलीकडे वळणं तिकडे कुणाला खटकत नाही, कारण कायद्याचं शिक्षण तिथे पदवीनंतरच घेतात. आपल्या तीन वर्षांच्या एलएलबीसारखं. शिवाय पेटंट कार्यालयापुढे वकिली करायची तर विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची बैठक लागतेच. आपल्याकडेही पेटंट एजंट व्हायला विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी, हे कायद्यातच आहे.

न्यायाधीश व्हायला मात्र तशी अट नाही. फेडरल न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट संमती देतं, आणि निवृत्तीचं वय ठरलेलं नाही. आपल्या उच्च न्यायालयात बासष्टाव्या वर्षी खुर्ची सोडावी लागते. तिकडे मनात असेल तोवर बसता येतं. अमेरिकेची राज्यघटना तांत्रिक पदवी सोडा, कायद्याची पदवीसुद्धा मागत नाही. १९८२ साली फेडरल सर्किट स्थापन झालं आणि देशभरची पेटंट-अपिलं त्याच्याकडे आली, तेव्हाही हा नियम तसाच राहिला. तिथे इंजिनिअर आणि रसायनशास्त्रज्ञ दिसतात ते नेमणाऱ्यांनी तशी माणसं शोधली म्हणून.

जॉर्जटाउननंतर मूर यांनी वर्षभर लॉस एंजेलिसमध्ये कर्कलँड अँड एलिस या बड्या फर्ममध्ये वकिली केली. १९९५ ते १९९७ त्या ग्लेन आर्चर यांच्या लॉ क्लार्क होत्या. नावात क्लार्क असलं तरी हे कारकुनी काम नव्हे. फाइल वाचून न्यायाधीशाला टिपण द्यायचं, कायदा शोधायचा, निकालाच्या मसुद्याला हात लावायचा; तरुण वकिलासाठी याहून मोठी शाळा नाही. आर्चर तेव्हा फेडरल सर्किटचे मुख्य न्यायाधीश होते आणि १९९५ च्या एप्रिलमध्येच त्यांनी मार्कमन खटल्याचा निकाल लिहिला होता.

तो खटला कपडे धुणाऱ्या दुकानांतल्या हिशेब-यंत्रणेचा. पेटंटमध्ये 'इन्व्हेंटरी' असा शब्द होता. त्यात प्रत्यक्ष कपडे मोजायचे, की नुसत्या पावत्या आणि पैसे धरले तरी चालेल, यावर सगळं अडलं. खरा मुद्दा असा की, हा अर्थ ज्युरीने लावायचा की न्यायाधीशाने? आर्चर म्हणाले, न्यायाधीशाने. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. १९९८ मध्ये फेडरल सर्किट आणखी पुढे गेलं: क्लेमचा, म्हणजे पेटंटमध्ये हक्काची हद्द सांगणाऱ्या क्रमांकित वाक्याचा, अर्थ हा निव्वळ कायद्याचा प्रश्न, तेव्हा खालच्या कोर्टाने काहीही म्हटलेलं असो, आम्ही पाटी कोरी करून पाहणार.

आपल्याकडच्या वकिलांना यातली मेख लगेच कळेल. दिवाणी दाव्यात दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालय कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतंच पाहतं. साक्षीपुराव्यावरून खाली ठरलेली वस्तुस्थिती सहसा उकरून काढत नाही. त्यामुळे 'हा प्रश्न कायद्याचा की वस्तुस्थितीचा' या वादातच निम्मं अपील जातं. पेटंटमध्ये तसंच आहे, फक्त वस्तुस्थिती म्हणजे रेणूचं वजन, शाफ्टचं कंपन, संगणकाची स्मृती.

१९९७ पासून मूर शिकवू लागल्या: आधी शिकागो-केंट, मग मेरीलँड विद्यापीठ, मग जॉर्ज मेसन. मला त्यांच्या कारकिर्दीतली हीच वर्षं सगळ्यात रोचक वाटतात, कारण इंजिनिअर इथे उघड दिसतो. कायद्याचे प्राध्यापक सहसा एखादा निकाल घेऊन त्याचा कीस पाडतात. मूर यांनी निकाल मोजायला घेतले. ज्युरीपुढे चाललेल्या पेटंट खटल्यांत पेटंटधारक ६८ टक्के वेळा जिंकतो, नुसत्या न्यायाधीशापुढे ५१ टक्के, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. ज्युरीपुढे अमेरिकी पक्ष विरुद्ध परदेशी पक्ष असा सामना असेल तर अमेरिकी पक्ष ६४ टक्के वेळा जिंकतो, हेही. आणि २००१ मधला तो लेख: जिल्हा न्यायाधीशांनी लावलेला क्लेमचा अर्थ अपिलात ३३ टक्के वेळा चुकीचा ठरतो. चार वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा ३४.५ टक्के.

या शेवटच्या आकड्याची फार चर्चा झाली, आणि बरेचजण त्यातून एवढंच उचलत की खालच्या न्यायाधीशांना तंत्रज्ञान कळत नाही. माझ्या मते तो आकडा वरच्या कोर्टाबद्दलही तितकाच बोलतो. सगळं कोरी पाटी करून पाहायचं ठरवलं की मतभेद होणारच, आणि प्रत्येक मतभेदाला 'खालच्याची चूक' असं नाव पडणार. कोणतीही मोजणी करताना मोजपट्टी कुणाच्या हातात आहे ते आधी पाहावं लागतं.

१८ मे २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी मूर यांचं नाव सुचवलं. ५ सप्टेंबरला सिनेटने ९२ विरुद्ध ० मतांनी संमती दिली. वय अडतीस. खालच्या कोर्टात त्या एक दिवसही न्यायाधीश नव्हत्या. त्यात काही जगावेगळं नाही. तिथल्या इतर इंजिनिअर न्यायाधीशांच्या वाटाही जिल्हा न्यायालयातून गेलेल्या नाहीत. चेन यूसीएलएचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पेटंट कार्यालयाचे सॉलिसिटर म्हणून त्यांनी सरकारची बाजू लढवली आणि २०१३ मध्ये न्यायाधीश झाले. स्टोल मिशिगन स्टेटच्या. पेटंट कार्यालयात एक्झामिनर म्हणून अर्ज तपासता तपासता कॅथलिक युनिव्हर्सिटीतून कायदा शिकल्या, मग वकिली, २०१५ मध्ये न्यायासन. २०२१ मध्ये आलेल्या टिफनी कनिंगहॅम एमआयटीच्या केमिकल इंजिनिअर. वीस वर्षांच्या आसपास पेटंट वकिलीत. एकजण सरकारी वकिलीतून, एक तपासनिसाच्या टेबलावरून, एक फर्ममधून, आणि मूर वर्गातून. इंजिनिअरिंगनंतर कुठे दहा-पंधरा वर्षं घालवली याचा न्यायाधीशावर पदवीइतकाच, कदाचित जास्त ठसा उमटतो. शाफ्टच्या खटल्यातली फूट मला तरी या अंगानेच जास्त कळते.

न्यायासनावर मूर यांनी आपला जुना हिशेब सोडला नाही. २०११ मध्ये एका सिरिंजच्या पेटंटवरून, पूर्ण न्यायालयाने फेरविचार नाकारला तेव्हा, त्यांनी भिन्नमत लिहिलं. क्लेमचा अर्थ लावताना त्याखाली वस्तुस्थितीचे प्रश्न दडलेले असतात. जिल्हा न्यायाधीशाने साक्षीदार ऐकून जे ठरवलं त्याचा मान ठेवा, असा त्यांचा आग्रह. बहुमत ऐकेना.

त्यानंतर जे घडलं ते नाटकात घातलं तर ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल. टेवा कंपनीचं 'कोपॅक्सोन' हे मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं औषध. त्याची जेनेरिक आवृत्ती आणू पाहणाऱ्यांत सँडोझ होती, मायलान होती आणि हैदराबादची नॅटकोही. पेटंटमध्ये औषधाचं 'मॉलिक्युलर वेट' ५ ते ९ किलोडाल्टन असं दिलेलं. पण पॉलिमरच्या नमुन्यात रेणू लहानमोठे असतात. सरासरी वजन काढायच्या निरनिराळ्या रीती आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर निराळं. इथे कुठली रीत? जिल्हा न्यायाधीशांनी टेवाच्या तज्ज्ञाची साक्ष मान्य केली आणि पेटंट वाचवलं. २०१३ मध्ये अपिलाचा निकाल मूर यांनी लिहिला. कोरी पाटी हा न्यायालयाचा नियम त्यांना स्वतःला मान्य नव्हता, तरी बंधनकारक होता. त्यांनी तो लावला आणि काही क्लेम संदिग्ध म्हणून रद्द केले.

जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो निकाल बाजूला सारला. कारण काय दिलं? पोटातल्या वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर खालच्या न्यायाधीशाचा मान ठेवायला हवा होता. म्हणजे मूर चार वर्षांपूर्वी भिन्नमतात जे सांगत होत्या, जवळजवळ तेच, आणि ते त्यांचाच निकाल आडवा करून. प्रकरण परत आल्यावर मूर यांनी पुन्हा निकाल लिहिला आणि पुन्हा क्लेम संदिग्धच ठरवले. तज्ज्ञाची वस्तुस्थिती मान्य, म्हणाल्या, पण पेटंट कार्यालयापुढे टेवानेच दोन वेळा दोन वेगळ्या रीती सांगितल्या होत्या. त्या कागदांचा अर्थ हा कायद्याचा प्रश्न. एका सहकारी न्यायाधीशाने यावर भिन्नमत दिलं. वस्तुस्थितीचा मान राखा म्हणणारीने वस्तुस्थिती आणि कायदा यांतली रेघ आपल्या सोयीने ओढली, असा आरोप इथे सहज करता येतो. मला तो पूर्ण पटत नाही, पण पूर्ण खोडताही येत नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीतला बर्कहायमर खटला जास्त सरळ आहे, आणि परिणामाने सर्वांत मोठा. डिजिटल कागदपत्रं साठवण्याची एक पद्धत; एचपीचं म्हणणं, यात नवं काही नाही, ही अमूर्त कल्पना आहे, खटला चालवण्याआधीच पेटंट रद्द करा. खालच्या कोर्टाने केलंही. मूर यांनी काही क्लेमच्या बाबतीत ते उलटवलं. एखादी गोष्ट त्या धंद्यात नेहमीची, रुळलेली होती का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. न्यायाधीशाला तसं वाटतं म्हणून ती नेहमीची ठरत नाही, पुरावा लागतो. दोन-अडीच महिन्यांत अमेरिकी पेटंट कार्यालयाने एक्झामिनरांसाठी सूचना काढली: 'हे तर सगळ्यांना माहीत आहे' असं नुसतं लिहून अर्ज फेटाळू नका, आधार दाखवा. सॉफ्टवेअरचे अर्ज लिहिणारे वकील, पुण्या-बंगळुरूत बसून अमेरिकेतल्या अर्जांना उत्तरं तयार करणारेसुद्धा, तेव्हापासून 'बर्कहायमर' हे नाव उत्तरात घालतात.

आता पुन्हा शाफ्टकडे. जिल्हा न्यायालयात लेनर्ड स्टार्क यांनी नीॲप्कोच्या बाजूने निकाल दिला होता. अपिलात तिघांचं खंडपीठ: टिमोथी डायक, रिचर्ड टारांटो आणि मूर. बहुमताचा निकाल डायक यांचा. त्यांनी क्लेम २२ हुकच्या नियमाकडेच बोट दाखवतो असं धरलं: 'नळी अशी जुळवा की कंपन कमी होईल' एवढंच सांगितलंय, कशी जुळवायची ते नाही. बहुमताची ही अडचण खोटी नाही. उत्तर सांगायचं आणि रीत गुलदस्त्यात ठेवायची, अशा क्लेमवर कुणाही अभ्यासकाच्या कपाळावर आठी येईल.

मूर यांचं भिन्नमत कडक आहे. त्यातला मला भिडलेला मुद्दा हा: हुकचा नियम एकटा दोन्ही जातींच्या कंपनाची उकल देतो का, हा प्रश्न या खटल्यात वादग्रस्त आहे. भिंतीच्या कंपनाला मारायला घर्षण लागतं, त्याचा हिशेब वेगळा. मग अपिलाच्या न्यायाधीशांनी घरबसल्या भौतिकशास्त्र सोडवून 'हाच तो नियम' असं कसं ठरवलं? नेमका कोणता निसर्गनियम हेही न सांगता पेटंट मारायचं? रीत पुरेशी सांगितली नसेल तर त्यासाठी कायद्यात वेगळं कलम आहे, ते वापरा. पेटंट मुळात मिळू शकतं का एवढंच पाहणारं, दारावरच अडवायचं कलम त्यासाठी ताणू नका.

गंमत पाहा. त्या पीठावर कंपनाचं गणित स्वतः करून दाखवू शकेल अशी व्यक्ती बहुधा मूर याच होत्या, आणि हे गणित आपण करायचं नाही, ते साक्षीदारांकडून कोर्टात व्हायला हवं, असं त्याच म्हणत होत्या. सहा-सहाच्या त्या फुटीमुळे फेरविचार टळला. मे २०२२ मध्ये सरकारच्या सॉलिसिटर जनरलनी सर्वोच्च न्यायालयाला हे प्रकरण घ्या अशी शिफारस केली. ३० जून २०२२ रोजी न्यायालयाने कारण न देता नाकारलं. क्लेम २२ कायमचा गेला. क्लेम १ आधीच खाली परत पाठवला होता. आणि ज्यांच्या निकालापासून हे सुरू झालं ते स्टार्क मार्च २०२२ मध्ये फेडरल सर्किटवर मूर यांचे सहकारी म्हणून रुजू झाले होते.

मूर मे २०२१ पासून मुख्य न्यायाधीश आहेत. हे पद निवडीने मिळत नाही. ज्येष्ठता आणि वय यांवर ठरतं, मुदत सात वर्षांची. त्याबरोबर प्रशासन येतं, आणि त्यातूनच त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत कडवट प्रसंग आला. पॉलिन न्यूमन: जन्म १९२७, येलच्या रसायनशास्त्रातल्या डॉक्टरेट, तीस वर्षं एका रसायन कंपनीत, १९८४ पासून याच न्यायालयात. शाफ्टच्या फुटीत त्या मूर यांच्याच बाजूला होत्या. २०२३ च्या वसंतात मूर यांनी त्यांच्याविरुद्ध चौकशी सुरू केली: निकालांना फार उशीर होतो, कर्मचाऱ्यांशी वागण्यातून मानसिक क्षमतेबद्दल शंका येते. समितीने तपासण्या करून घ्यायला सांगितलं. न्यूमन यांनी समितीने नेमलेल्या डॉक्टरांकडे जायला नकार दिला आणि स्वतःच्या तज्ज्ञांचे अहवाल दिले. ते पुरेसे नाहीत, असं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना वर्षभर नवी प्रकरणं देणं बंद झालं; पुढे ती मुदत वाढवली गेली.

दोन्ही बाजूंना मांडण्यासारखं आहे. सहकर्मचाऱ्यांच्या साक्षी समितीने नोंदवल्या, आणि तपासणीला सहकार्य न करणं हाच एक वेगळा गैरवर्तनाचा मुद्दा धरला. पण न्यूमन यांच्या वकिलांची मागणी अशी होती की हे दुसऱ्या सर्किटच्या, म्हणजे दुसऱ्या फेडरल अपील न्यायालयाच्या, न्यायाधीशांकडे सोपवा: ज्यांनी तक्रार पुढे आणली तेच चौकशी करतात, ज्यांच्यापुढे घटना घडल्या तेच निकाल देतात. समितीने, ज्यात मूर स्वतः होत्या, ती मानली नाही. माणसाची बुद्धी शाबूत आहे की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. तो कुणी, कुणाच्या साक्षीवर ठरवायचा यावर मूर यांनी वीस-पंचवीस वर्षं जे लिहिलं ते वाचलेल्या माणसाला प्रकरण बाहेर पाठवणं जास्त सुसंगत वाटलं असतं. मला तरी वाटतं.